फास्ट, पण फक्त गुरुवारी

"आर यू फास्ट?"

मॅडमनी विचारलं आणि मी म्हटलं, "येस मॅडम. बट ओन्ली थर्सडे."

आधी मॅडम हसल्या. मग बाजूला बसलेला मॅनेजर. मग मॅडमनी काचेचं दार उघडून बाहेरच्यांना बोलावलं. "अरे ऐका, ही काय म्हणतेय! ए, परत सांग ना." मी परत सांगितलं. का हसतायत ते कळत नव्हतं, तरी सांगितलं. वर स्वतःही हसले. लाज वाटते आता, पण हसले.

नवीन पनवेलला एका बिल्डिंगच्या तळमजल्यावर ते गोडाऊन आहे. लोक मोबाईलवरून दूध, अंडी, कोथिंबीर मागवतात आणि दहा मिनिटांत ती त्यांच्या दारात हवी असते. रॅकवरून माल उचलून पिशवी भरायच्या कामासाठी मी इंटरव्ह्यूला गेले होते. मार्गशीर्षातला गुरुवार. मॅडमनी आम्हा सगळ्या मुलींना चहा-बिस्किटं दिली. मी चहा घेतला, बिस्किटं परत केली. पाच मिनिटांनी त्या विचारतात, आर यू फास्ट? मला काय वाटणार! कॉलेजात मुली रोज म्हणायच्या, आज माझा फास्ट आहे गं. मला तर उलट बरं वाटलं होतं. एवढी शिकलेली बाई आपल्या उपासाची चौकशी करते म्हणून.

त्यांना हवा होता हाताचा वेग. मी सांगितला पोटाचा नेम.

नोकरी लागली. दुसऱ्या दिवसापासून मी थर्सडे. "ए थर्सडे, तेल आण." "थर्सडे, लवकर!" गळ्यात कार्ड होतं, कार्डावर नाव होतं. ते कोणी वाचलं नाही. आणि गंमत बघा, सगळ्यांत भरभर पिशवी मीच भरायची. स्क्रीनवर रोज माझा नंबर पहिला. पण पाहुणे आले की मॅडम मलाच पुढे करायच्या. "सांग ना तुझा किस्सा!" मी सांगायची. कुठे थांबायचं, कुठे "ओन्ली" म्हणायचं, सगळं पाठ झालं होतं. पहिलीच पक्की नोकरी. घरून निघताना आई म्हणायची, "तोंड आवर गो, बोलू नको कोनाला." नाही बोलले. दोन वर्षं.

मग एका सुट्टीला आईच्या ब्लाऊजचं कापड घ्यायला जुन्या पनवेलात गेले. आमच्या ओळखीचे चाचा आहेत, कोकणी मुसलमान. तरुणपणी जहाजावर होते, आता कापडाचं दुकान चालवतात. मी लाल कापड हातात घेऊन विचारलं, "रंग जाणार नाही ना?"

"फास्ट कलर हाय बेटी. जागचा हलायचा नाय."

लहानपणापासून शंभरदा ऐकलेलं वाक्य. त्या दिवशी मी अडकले. म्हटलं, "चाचा, फास्ट म्हणजे जलद ना? मग न हलणारा कसा?"

चाचा हसले. माझ्यावर नाही, स्वतःवर. म्हणाले, "जहाजावर पयल्याच दिवशी गोरा साहेब माझ्यावर वरडला, मेक फास्ट! मला वाटलं, घाई कर बोलतो. कशीतरी दोरी गुंडाळली नि पळालो. दोरी सुटली. त्यानं खुदा कसम अशा शिव्या घातल्या! मेक फास्ट म्हंजे घट बांध. मला कोन सांगनार?"

मी दुकानाच्या पायरीवरच बसले आणि मोबाईलवर तो शब्द शोधला. फास्टचा सगळ्यांत जुना अर्थ घट्ट. पक्का. न हलणारा. खायचं नाही म्हटल्यावर त्यावर घट्ट राहणं, म्हणून उपासही फास्ट. आणि नेट लावून पळणं, त्यातून पुढे जलद. म्हणजे मॅडमचा अर्थ सगळ्यांत शेवटी आलेला! दोन वर्षं मी ज्या शब्दावरून हसं करून घेतलं, त्यातला त्यांना एकच अर्थ ठाऊक होता. मला दुसरा ठाऊक होता, एवढंच. तळपायाची आग मस्तकात गेली. रडूही आलं. आईचं कापड तसंच दुकानात राहिलं.

ठरवलं, मॅडमना हे सगळं इंग्लिशमध्ये सांगायचं. मोरीचं दार लावून चार दिवस घोकलं.

पाचव्या दिवशी हेड ऑफिसचे तीन साहेब आले. मॅडमनी हाक मारली, "थर्सडे, कम! टेल देम!" सगळे माझ्याकडे बघत होते, आधीच अर्धे हसत. मी तोंड उघडलं आणि घोकलेलं एक अक्षर आठवेना. बाहेर पडलं ते माझ्या आईच्या तोंडचं.

"नाय सांगनार."

"अगं, मजाक आहे! इतकं काय मनाला लावून घेतेस?"

"माजं नाव हाय मॅडम. थर्सडे नाय."

कोणी हसलं नाही. कोणी माझ्या बाजूने बोललंही नाही. सोबतच्या मुली रॅककडे तोंड करून उभ्या राहिल्या. त्यांचं तरी काय चुकलं, मीही तेच केलं असतं. साहेब घड्याळात बघून निघाले. शब्दाची ती सगळी कथा माझ्या पोटातच राहिली. आजवर सांगितलेली नाही.

दुसऱ्या दिवशी मला फ्रोझनच्या खोलीत टाकलं. मटार, आईस्क्रीम, कोंबडी. बोटं बधिर होतात, पाकिटं हातातून निसटतात. पहिला नंबर गेला. मी काय करणार? तक्रार करायची तर ती मॅडमकडेच करायची.

परवा मॅडमनी तीनदा हाक मारली. थर्सडे. थर्सडे. थर्सडे! मी ऐकत होते आणि मटार मोजत होते. संध्याकाळी मेमो आला, 'हाकेला प्रतिसाद देत नाही.' सही करायला सांगितली. मी सही केली नाही, नाव लिहिलं. माझं, आईचं, बापाचं आणि गावाचं. रकान्यात मावेना, तर बाहेर लिहिलं.

तीन मेमो झाले की काढून टाकतात. माहीत आहे मला. आईला अजून सांगितलेलं नाही. दुसरा येऊ दे, तिसरा येऊ दे. थर्सडे म्हणून हाक आली, तर मी वळणार नाय.