नातवासाठी सेनापती

"रोमेल! वाळवंटात त्याला तोड होती का कुणाची, व्याही?"

"तोड? अहो, भर लढाईत पेट्रोल संपलं त्याचं! टाकीत तेल किती ते ज्याला कळेना, त्याचं नाव माझ्या नातवाला? झुकोव्ह लिहा हो साहेब! बर्लिन घेतलं त्यानं!"

"आणि स्वतःची माणसं किती मारली, तेही सांगा की!"

जन्मनोंदणीच्या कचेरीत अर्धा तास हे चाललेलं. एकीकडे रशियाच्या झुकोव्हच्या बाजूनं माझे बाबा, दॉन एलेउतेरियो. दुसरीकडे जर्मनांच्या रोमेलच्या बाजूनं ताईचे सासरे, दॉन हेरिबेर्तो. कारकुनाच्या टाकावरची शाई वाळून गेली. दवाखान्याची चिठ्ठी सांभाळायला म्हणून मी बाकावर बसले होते.

बाबांनी जन्मात बंदूक धरली नाही. आमच्या मोंतेक्रिस्ती गावात गवती टोप्या साच्यावर चढवून आकार देणं हा त्यांचा धंदा. पण महायुद्धात त्यांनी दुकानात रेडिओ आणला, आणि तेव्हापासून गिऱ्हाइकाच्या डोक्याला माप लावता लावता ते स्टालिनग्राडचा वेढा घालायचे. "आवळतंय हो!" गिऱ्हाईक ओरडायचं. "मग! सुटू देतो की काय!"

माझ्या भावाचं नाव माँटगोमेरी. तो मासे विकतो. ताई झाली त्या आठवड्यात फौजा फ्रान्सच्या किनाऱ्यावर उतरल्या, म्हणून ती नॉर्मांदिया. आईला रोसा हवं होतं. पण आमच्याकडे बाळंतीण चाळीस दिवस उंबरा ओलांडत नाही. नावं पुरुषच लिहून येतात. आईला कळलं ते तिसऱ्या दिवशी. "मुलीचं नाव आहे की बोटीचं?" म्हणाली आणि भिंतीकडे तोंड करून झोपली.

इकडे बाबांनी खिशातले तळलेल्या केळ्याचे काप टेबलावर मांडले. "ही रशियन फौज. हे जर्मन."

दॉन हेरिबेर्तोंनी दोन जर्मन तोंडात टाकले.

"अहो, तुमचेच होते ते!"

"माझं विचाराल तर," कारकूनही पेटला, "ब्रह्मदेशातला तो स्लिम..."

"तू गप रे!" दोघे व्याही एका सुरात.

तेवढ्यात दारात ताई. बाळंतपणाचा नववा दिवस. डोक्याला फडकं, कानांत कापूस, छातीशी बाळ.

"अगं, वारा लागेल! चाळीस दिवस..." बाबा किंचाळलेच.

ताई टेबलापाशी गेली. रशियन आणि जर्मन एकाच हातानं बाजूला सारले. कारकुनाच्या कानाशी वाकून काहीतरी म्हणाली. त्यानं टाक बुडवला, भराभर लिहिलं, शिक्का हाणला. कागदाची घडी तिच्या पोलक्यात गेली.

"झुकोव्ह ना गं?"

"छे! सूनबाई आमच्या आहेत. रोमेलच!"

बाबा दार अडवून उभे राहिले. आवाज एकदम बारीक झाला. "नॉर्मांदिया, एवढं तरी सांग. सेनापती आहे ना?"

ताईनं शालीचं टोक बाळाच्या डोक्यावर ओढलं, आणि बाबांच्या हाताखालून वाकून ती उन्हात निघून गेली.