खोकी तुमची, खड्डा आमचा

पडदा उघडतो तो सुपरमार्केटच्या गल्ल्यावर. शनिवारची सकाळ, डोळ्यांवर येणारे पांढरे दिवे, रांगेत अर्धं गाव. आणि मध्यभागी, बाह्या सरसावून उभी, इर्मट्राउड नोव्होत्निक. टूथपेस्टचं खोकं तिनं टर्रकन फाडलं, नळी आपल्या थैलीत टाकली आणि खोकं गल्ल्यावर आपटलं. मग बिस्किटं. वर प्लॅस्टिक, आत पुठ्ठा. तेही आपटलं.

"बाई, आटपा की जरा," मागून काचकारखान्यातला म्हातारा दोमाश्के कण्हला. "माझं आइस्क्रीम वितळतंय."

"वितळू दे. माझी बाग चाललीय!"

बागेचं सगळ्यांना ठाऊक होतं. जुन्या राजवटीत इर्मट्राउड गावचं रद्दी आणि काचेचं केंद्र चालवायची. पत्र्याची शेड, वजनकाटा आणि ती. लोक बरण्या, वर्तमानपत्रं आणून द्यायचे, सरकार त्यांचे पैसे मोजायचं. बरणीला मुरंब्याचा डाग दिसला, की ती पक्षाच्या सेक्रेटरीलासुद्धा दारातून परत पाठवायची. "धुऊन आणा!" आणि तो मुकाट्यानं धुऊन आणायचा. काय दरारा होता बाईचा! भरल्या सभागृहानं श्वास रोखावा, तसा.

मग भिंत पडली, दोन देशांचा एक झाला आणि शेडला कुलूप लागलं. पश्चिमेकडून मालाचे ट्रक आले. मालापेक्षा त्याचे कपडेच जास्त, खोकी, पुठ्ठे, प्लॅस्टिक. ते सगळं जायचं नायसे नदीकाठच्या वाळूच्या जुन्या खाणीत. बघता बघता खाण भरली. नगरपालिकेनं ठरवलं, शेजारच्या बागा घ्यायच्या आणि कचऱ्याची हद्द वाढवायची. पहिलीच बाग इर्मट्राउडची. तिथं एक चेरीचं झाड होतं, लग्नाच्या वर्षी नवऱ्यानं, होर्स्टनं लावलेलं. होर्स्ट गेला, झाड अजून दर वसंतात मधमाश्यांनी घुमत होतं.

तेवढ्यात नवा कायदा आला. वरचं वेष्टण गिऱ्हाइकानं दुकानातच सोडलं तरी चालेल, ते परत घेणं दुकानदाराचं काम. इर्मट्राउडनं बातमी वाचली आणि थैली उचलली. तेव्हापासून तिचा शनिवार चुकला नव्हता.

मॅनेजर ब्रुन्कहोर्स्ट धावत आला. पश्चिमेकडचा पोरगेला माणूस, टाय खांद्यावर उडालेला.

"फ्राऊ नोव्होत्निक, आता याची गरजच नाही! सोमवारपासून वेष्टणांसाठी घरोघरी पिवळी पिशवी येतेय. पुढचं सगळं माल बनवणाऱ्या कंपन्या बघणार."

"सगळं? मग कचरा वेगळा कोण करणार?"

"तुम्ही."

"डबे कोण विसळणार?"

"तेही... तुम्हीच."

"आणि पिशवी भरेपर्यंत ठेवायची कुठं?"

"तुमच्या स्वयंपाकघरात."

"मग कंपन्या काय करणार? टाळ्या वाजवणार?"

"पैसे भरणार!"

"कुणाच्या खिशातून?"

ब्रुन्कहोर्स्टची नजर नकळत बिस्किटांच्या किमतीवर गेली. नवी चिठ्ठी जुनीवर चिकटवलेली होती, जरा तिरकी. रांगेत कुणीतरी फिस्सकन हसलं.

"बनवणार ते, विकणार तुम्ही, आणि निस्तरायचं मी!" इर्मट्राउडचा आवाज थेट फळफळावळीच्या कोपऱ्यापर्यंत गेला. "आधी माझी शेड बंद केलीत. आता माझ्याच ओट्याखाली तीच शेड उघडताय, आणि वर उपकार केल्यासारखं सांगताय? एक खोकं कमी झालं का? सांगा ना, एक तरी?"

ब्रुन्कहोर्स्टनं टाय खांद्यावरून खाली ओढला.

दोमाश्के पुढं सरकला. त्यानं आइस्क्रीमचं पुठ्ठ्याचं खोकं उघडलं, आतली पाकिटं कोटाच्या खिशात कोंबली आणि ते ठिबकणारं खोकं तिच्या ढिगावर ठेवलं. "कोट तसाही धुवायचाच होता," तो पुटपुटला. त्याच्यामागच्या बाईनं साबणांची प्लॅस्टिकं फाडली. मग तिच्यामागच्या माणसानं. दुकानभर टर्र टर्र सुरू झालं. ढीग घसरून मॅनेजरच्या बुटांवर आला.

"ऐका ना," ब्रुन्कहोर्स्ट रडवेला झाला. "मागची खोली छतापर्यंत भरलीय. वरच्यांना रोज फोन करतो. कंपनी माझं ऐकत नाही हो! मी हे ठेवू तरी कुठं?"

इर्मट्राउडनं थैली खांद्याला लावली. चेहरा तसाच, दगडी.

"दारात ठेवा, फळ्यांवर ठेवा, स्वतःच्या टेबलावर ठेवा. आणि त्यांना सांगा, होर्स्टच्या चेरीखाली जागा नाही."