रिकाम्या दिवाणावर कोण घोरत होतं?

भुताखेतांच्या गोष्टी मी कायम हसण्यावारी नेल्या. आमच्या शेताची वाटच स्मशानावरून जाते, रात्री-अपरात्री लाइट येईल तेव्हा मोटर चालू करायला एकटा जाणारा माणूस मी... त्यामुळे हे लिहू की नको, बरेच दिवस ठरत नव्हतं. शेवटी बायकोच म्हणाली, "लिहा. अजून कोणाले असं झालं असन तर कळन तरी."

बुलढाणा जिल्ह्यात दुसरबीडला, रोडला लागून माझं पाइप आणि ठिबकच्या सामानाचं दुकान आहे. दुकानामागेच घर. मध्ये दाराला फक्त पडदा आणि पडद्यापलीकडच्या खोलीत दिवाण. त्यावर आमची ईश्वरी झोपायची.

दुसरीत असताना ती घोरायला लागली. पाहुणे हसायचे, आम्हीही हसायचो. मग वर्षाच्या, म्हणजे माझ्या बायकोच्या, लक्षात आलं की घोरता घोरता तिचा श्वास थांबतो. छाती वर-खाली होते पण आवाज नाही, हवा नाही... आणि मग बुडणाऱ्या माणसानं डोकं वर काढावं तसा एकदम मोठा श्वास. वर्षा तिला गदागदा हलवायची, "ईशू, ऊठ! ऊठ माय!"

जालन्याला दाखवलं. झोपेची टेस्ट झाली. स्लीप ॲप्निया निघाला. टॉन्सिल फार वाढलेले नव्हते, वरचा जबडाच अरुंद होता. दातांच्या मॅडमनी तिच्या टाळूला मधोमध स्क्रू असलेली पट्टी बसवली. बारीक चावीनं तो स्क्रू रोज थोडासा आम्हीच फिरवायचा; जबडा हळूहळू रुंद होणार, नाकाची वाट मोकळी होणार. दुकानात दिवसभर पाने-पक्कड चालवणारा मी, पण ती चावी फिरवायच्या आधी दोन-दोनदा पुसून घ्यायचो. "पप्पा, हळू..." डोळे मिटून ती म्हणायची.

पट्टी टाळूत असतानाच गुण आला. काही महिन्यांत घोरणं बंद, पोरगी तोंड मिटून शांत झोपायला लागली. वर्षानं पेढे वाटले.

त्यानंतरची गोष्ट. भर दुपारी भास्करकाका पाइपचा जॉइंट घ्यायला दुकानात आले होते. आमच्या शेताचे शेजारी. सामान बघता बघता म्हणाले, "तुही पोट्टी लय घोरते बे. तब्येत बरी नाही काय?"

"ती तर शाळेत गेली, काका."

"मंग आत कोण झोपेल हाय?"

मी कान दिला. तेच घोरणं... तोच चढ, तीच मधली शांतता, तोच धापेचा श्वास. मॅडमनी आम्हाला तिच्या झोपेचा व्हिडिओ काढायला सांगितला होता, तोच कुठे चालू झाला असेल म्हणून फोन बघितला. फोन काउंटरवर बंद पडलेला होता. वर्षाचा तिच्या हातात, ती मागच्या अंगणात त्यावर तिच्या आईशी बोलत होती. पडदा सारला. दिवाण रिकामा, चादर सपाट. आवाज गेला.

पुढे तो वर्षानंही ऐकला. तेव्हापासून ती दुपारची निवडणं-टिपणं घेऊन दुकानात येऊन बसायला लागली.

आणि मग तो दिवस. ईश्वरीला सर्दी झाली होती, तरी ती शाळेत गेली होती. दुपारी घोरणं सुरू झालं. या वेळी पडदा सारला तरी थांबलं नाही. आम्ही दोघं दारात उभे, समोर रिकामा दिवाण, आणि त्यावरून येणारा आमच्या लेकराचा आवाज. मग तो थांबला. आम्ही वाट बघत राहिलो... पुढचा श्वास येईचना. इतका वेळ कधीच लागला नव्हता. मी पडदा हातात धरून तसाच उभा. वर्षानं मात्र किंचाळून दिवाणावर झेप घेतली आणि रिकामी गादी गदागदा हलवायला लागली, "ईशू! ऊठ! ऊठ माय!"

काहीच नाही. नुसती शांतता.

गाडी काढली आणि दोघं शाळेत. वर्गाबाहेर बाईंनी ईश्वरीला मांडीवर घेतलं होतं. पोरगी पांढरी पडलेली, पण श्वास चालू होता. बाई म्हणाल्या, "आता तुम्हालेच फोन करत होते. बाकावर मान टाकून झोपली होती. मले वाटलं, सर्दीनं पेंगून राह्यली. तं एकदम दचकून उठली अन् केवढा मोठा श्वास घेतला... ओठ निळे पडले होते हो तिचे."

मॅडमनी नंतर सगळं समजावून सांगितलं. सर्दीनं नाक बंद, त्यात मान वाकडी. उपचार चालू असताना असं एखाद्या वेळी होऊ शकतं. तेवढं पटलं. आता पट्टी निघाली, दुसरी टेस्टही चांगली आली. त्या दिवसापासून खोलीतला आवाजही नाही. तरी दिवाण आम्ही देऊन टाकला.

पण दिवाणावर कोण घोरत होतं, ते मॅडमना विचारायची माझी हिंमत झाली नाही. आणि शाळेतून परत येताना, गाडीवर आमच्या दोघांच्या मध्ये बसलेल्या ईश्वरीनं आपला दंड चोळत विचारलं होतं:

"आई, एवढ्या जोरात काऊन हलवलं मले?"