तीन सामन्यांची बंदी

मेलबर्नला लेकीकडे गेले होते तेव्हाची गोष्ट. सई तिथल्या महिला संघातून ऑस्ट्रेलियन फुटबॉल खेळते; त्यात बॉल हातानेही उचलतात. त्या शनिवारी ती बॉल उचलायला वाकली आणि समोरून धावत आलेल्या मुलीचा खांदा थेट तिच्या डोक्यावर आदळला. सई काही क्षण बेशुद्धच होती. मी कुंपणाशी उभी राहून तिला हाका मारत होते.

मंगळवारी स्पर्धेच्या शिस्त समितीपुढे सुनावणी झाली; सईबरोबर मीही गेले होते. ती मुलगी रडवेली होऊन म्हणाली, "मी बॉलकडेच बघत होते." निकाल देणाऱ्या बाईंनी व्हिडिओ पुन्हा पुन्हा पाहिला. मग शांतपणे म्हणाल्या, "तुझ्या मनात वाईट नव्हतं, मान्य. पण तुला थांबता आलं असतं. वाकलेल्या खेळाडूचं डोकं जपणं तुझंही काम होतं." तीन सामन्यांची बंदी.

'मुद्दाम नाही केलं' म्हटलं की आपण किती गोष्टी सोडून देतो! कोण कुठल्या त्या बाई, पण माझ्या लेकीच्या डोक्याची त्यांना माझ्याइतकीच काळजी होती.

बाहेर आल्यावर त्या मुलीने सईला विचारलं, "अजून दुखतंय का?" सईने तिचा हात धरला. त्या दोघींना तिथेच सोडून मी पुन्हा आत गेले. बाईंशी खूप बोलायचं होतं. तोंडून फक्त "थँक यू" निघालं.