सेतुरावांचा डावा पाय

सेतुराव गेल्याचा फोन आला तेव्हा मी कारखान्याच्या फाटकावर उभा राहून लोकांचे बूट तपासत होतो. त्याला आता सहा आठवडे होतील. सुरक्षा अधिकारी म्हणून ते माझं रोजचंच काम. फोन खिशात टाकून मी पुढच्या माणसाला म्हणालो, "पाय पुढे करा," आणि स्वतःचाच आवाज मला नकोसा झाला.

दोन हजार चारमध्ये मी पुण्याहून चेन्नईला आलो, इरुंगाट्टुकोट्टैच्या या गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात लागलो, तेव्हा माझ्याशी मराठीत बोलणारे एकटे सेतुरावच. लेथ विभागाचे सुपरवायझर, घराणं तंजावरचं. मराठी जुन्या पोथीतली, हेल तमिळ. मी हसायचो, तेही हसायचे. कंपनीच्या बसमध्ये ते गिंडीला चढत आणि शेजारची जागा माझ्यासाठी धरून ठेवत. पंधरा वर्षांचा मधुमेह होता. "पाय दिसतात हो, कळत नाहीत," असं एकदा सहज म्हणाले होते.

एका सकाळी ते सँडल घालून आले. मीच त्यांना फाटकावरून परत पाठवलं. दुसऱ्या दिवशी ते पोलादी टोकाचे बूट घालून आले आणि सोबत डॉक्टरांची चिठ्ठी : यांना पुढे रुंद, आतून मऊ बूट द्यावेत. चिठ्ठी मी खरेदी विभागाकडे पाठवली आणि विसरलो. दोनदा त्यांनी विचारलं, दोनदा मी "बघतो" म्हणालो... तिसऱ्यांदा त्यांनी विचारलंच नाही.

पुढे कधीतरी लेथवरची लोखंडाची वळलेली चिप बुटात शिरली. तिच्यावर ते अख्खी शिफ्ट उभे राहिले. घरी फरशीवर रक्ताचे ठसे दिसले ते त्यांच्या पत्नीला, कमलाबाईंना. आधी अंगठा गेला, काही महिन्यांनी डावा पाय गुडघ्याखालून. चौकशी अहवालात मी लिहिलं : कारण, कामगाराचा जुना आजार. वरून तसं सांगितलं होतं हे खरं, पण पेन माझ्या हातात होतं. अपघाताविना गेलेल्या दिवसांचा फलक शाबूत राहिला. सेतुराव कुबड्या घेऊन सही करायला आले. अहवाल सावकाश वाचला.

"चिप कारखान्याची, पाय माझा," ते म्हणाले. "म्हणजे बरोबरच लिहिलंत, कुलकर्णी."

त्यानंतर ते कामावर आले नाहीत. जखम भरली नाही, विष अंगात भिनलं...

तेराव्यानंतर मी त्यांच्या घरी गेलो. कमलाबाईंनी कॉफी दिली, दोष दिला नाही. दिला असता तर बरं झालं असतं. खिडकीखाली, अगदी जमिनीलगत, दाढीचा आरसा भिंतीला टेकवून ठेवलेला होता. अंगठा गेल्यावर सेतुराव रोज संध्याकाळी त्यात आपले तळवे बघत. मी बघतोय हे पाहून कमलाबाई म्हणाल्या, "काढावयास मन होत नाही."

चपला मी दाराबाहेर काढल्या होत्या. जायला उठलो तेव्हा त्या आरशात माझे पाय दिसले. दोन्ही.