बारा वर्षांचं जांभूळ

अण्णा कुठल्याही वस्तूवर विश्वास ठेवण्याआधी तिचा वास घ्यायचे. नवी वही असो, भिजलेली छत्री असो, नाहीतर मुख्याध्यापकांनी फिरवलेली नोटीस असो, आधी नाकाशी. मी जव्हारच्या शाळेत गणित शिकवायला रुजू झाले त्या दिवशी प्रयोगशाळेच्या दारात एक उंच, काटकुळा माणूस उभा होता. मी जवळून जाताच त्याने दोनदा नाक ओढलं आणि म्हणाला, "बाई, डब्यात मेथी आहे आणि ती कालची आहे. खाऊ नका." ओळख ना पाळख, आणि हा परिचर माझ्या डब्यावर बोलतो! मी हट्टाने ती भाजी संपवली आणि दुपारभर पोट धरून बसले. दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्या टेबलावर ओव्याची पुडी होती. त्यावर ते पुढे एक अक्षरही बोलले नाहीत, हे त्यांचं मोठेपण. मी असते तर महिनाभर ऐकवलं असतं.

प्रयोगशाळेतल्या चिठ्ठी निघालेल्या बाटल्या ते हाताने हवा नाकाकडे ओढून ओळखायचे. "अण्णा, एक दिवस नाक जाळून घ्याल," मी म्हणायची. "नाक गेलं तर मग मी कशाला राहतोय, बाई?" ते हसत म्हणायचे. माझ्या जिभेला हाड नाही, हे मला लहानपणापासून सगळे सांगत आलेत. ते वाक्य मी तेव्हा त्यांच्याकडून वदवून घेतलं, याची मला आज लाज वाटते.

त्यांचा खरा उद्योग घरी चालायचा. जूनच्या सुरुवातीला दाभोशाहून काशिनाथ जीपच्या टपावर जांभळांच्या दोन पाट्या घालून यायचा. काशिनाथ त्यांचा जुना दोस्त, भातशेती करणारा. तो आम्हा सगळ्यांनाच 'तू' म्हणायचा. त्यांच्या पाड्यावर 'तुम्ही' फारसं कुणी म्हणतच नाही. मग अण्णा आणि त्यांची बायको, आमच्या काकू, ओटीवर बसून एकेक जांभूळ निवडायचे. साखर, थोडे गहू, मूठभर मनुका, आणि सगळं चिनीमातीच्या बरणीत. तोंडाला फडकं बांधून तीन आठवडे. मग गाळून बाटल्यांत, वर बूच, बुचावर मेणबत्तीचं मेण. बाटल्या गुलाबपाण्याच्या, सॉसच्या, मिळतील त्या. प्रत्येकीवर चिकटपट्टीचा तुकडा आणि त्यावर ठसठशीत अक्षरात वर्ष. पलंगाखालच्या अंधारात पोत्यांनी झाकलेलं ते सगळं भांडार. आयुष्यात एक थेंब विकला नाही त्यांनी. मुकुंदशेठ त्याला 'वाइन' म्हणायचे, अण्णा नुसतं 'जांभूळ' म्हणायचे.

थंडी पडली की वर्षातून एकदा आमची बैठक बसायची. आम्ही चौघं: अण्णा, काशिनाथ, बाजारात कापडाचं दुकान असलेले मुकुंदशेठ, आणि मी. बाई माणूस तीन पुरुषांत बसून वाइन पिते म्हणून गावात कुजबुज झाली तेव्हा काकूंनीच परस्पर निकाल लावला. "मी चुलीपाशी बसलेली असते, मला विचारा काय ते," असं त्यांनी सांगितल्यावर गाव गप्प झालं. काकू स्वतः फक्त बोट बुडवून चाटायच्या आणि तोंड वाकडं करायच्या.

बैठक संध्याकाळी पाचला, परसात. उजेड असताना रंग बघता आला पाहिजे हा अण्णांचा आग्रह. चहाचे छोटे काचेचे ग्लास, प्रत्येकाला दोन बोटं. आधी यंदाचं, मग चार-पाच वर्षांचं, शेवटी सगळ्यांत जुनं. मधे तोंड साफ करायला नागलीच्या भाकरीचा कोरडा तुकडा. आणि नियम एकच. अण्णा दरवर्षी तो नव्याने सांगायचे: "इथं तोंडदेखलं बोलायचं नाही. तोंडदेखलं बोलायला गावात लग्नं पुष्कळ लागतात."

पहिल्या वर्षी माझी पाळी आली तेव्हा मी घोट घेऊन म्हटलं, "अण्णा, याला शाळेच्या स्टोव्हचा वास येतो." मुकुंदशेठ दचकले. अण्णांनी ग्लास नाकाशी नेला, डोळे मिटून बराच वेळ हुंगत राहिले आणि टाळी वाजवून म्हणाले, "बरोब्बर! फडकं रॉकेलच्या डब्याजवळ वाळत घातलं होतं हिने!" आतून काकू ओरडल्या, "माझ्यावर कशाला ढकलताय? तुम्हीच घातलंत!" त्या दिवशी त्यांनी मला पक्की दोस्त मानलं. काशिनाथचं बोलणं तर ऐकत राहावं असं. घोट घ्यायचा, लांब डोंगराकडे बघायचा, आणि म्हणायचा, "अण्णा, हा अजून रागावलेला आहे. त्याला निजू दे." अण्णा ती बाटली बूच लावून पुन्हा तीन वर्षं निजवायचे. मुकुंदशेठना गोड असलं की सगळंच चालायचं, पण तेही सरळ सांगायचे की "आपल्याला अक्कल नाही, गोड आहे एवढं कळलं."

हा खरेपणा जांभळापुरता नव्हता. माझी आई आजारी होती तेव्हा दवाखान्यातले सगळे मला "बघू, बघू" म्हणत होते. अण्णा भेटायला आले, आईजवळ घटकाभर बसले आणि मला बाहेर बोलावून म्हणाले, "बाई, आईंना घरी न्या. त्या फार दिवस नाहीत. काय बोलायचं असेल ते बोलून घ्या." मी चिडले. तुम्ही कोण डॉक्टर लागून गेलात, असंही म्हणाले. पण नेलं घरी. आई पुढच्या आठवड्यात गेली, पण त्याआधी माझा हात धरून तिने तिच्या माहेरच्या विहिरीपासून सगळं सांगितलं, जे मी पन्नाशीपर्यंत कधी विचारलंच नव्हतं. अण्णांचे ते उपकार मी कधी बोलून दाखवले नाहीत. मनात होते.

गेल्या वर्षी उन्हाळ्यात अण्णांच्या घशात वरच्या अंगाला गाठ निघाली. नाशिकला सात आठवडे किरणांचे शेक घेतले. पावसाळ्यात परत आले तेव्हा अंगावरचा शर्ट खुंटीला टांगल्यासारखा दिसत होता. ओटीवर बसून त्यांनी माझ्या हातातली भाजीची पिशवी मागून घेतली, नाकाशी नेली आणि परत केली. "काय आहे यात?" त्यांनी विचारलं. कोथिंबीर होती. मला सांगवेना. नाक गेलं होतं, जीभही गेली होती. वरणभात आणि माती सारखीच लागते, म्हणाले.

दिवाळीनंतर पुन्हा तपासणीला गेलो तेव्हा मी बरोबर होते. अण्णांना बाहेर बाकावर बसवून डॉक्टरांनी काकूंना आणि मला आत बोलावलं. दुखणं यकृतात गेलं होतं. "आता घरी न्या, हवं ते खाऊ द्या. दोन महिने, फार तर तीन," ते म्हणाले. खोलीतून बाहेर पडायच्या आधी काकूंनी माझं मनगट घट्ट धरलं. "शैला, त्यांना कळता कामा नये. माझ्या गळ्याची शपथ आहे तुला." बाहेर अण्णांनी विचारलं, "काय म्हणाले?" काकू म्हणाल्या, "सुधारणा आहे. हवं ते खा म्हणाले." अण्णांनी माझ्याकडे पाहिलं. मी जीपवाल्याला फोन लावत असल्याचं सोंग केलं.

मग दोन महिने ते नाटक चाललं. काकू रोज विचारायच्या, "आज बरं वाटतंय ना?" अण्णा म्हणायचे, "वाटतंय." मुकुंदशेठना आणि काशिनाथलाही आम्ही शपथ घालून सांगितलं होतं. घरात माणसं आली की सगळे मोठमोठ्याने हवापाण्याचं बोलायचे. काकू स्वयंपाकघरात तोंडात पदर कोंबून रडायच्या, आणि बाहेर येताना तोंड धुऊन यायच्या.

जानेवारीत अण्णांचा निरोप आला: उद्या संध्याकाळी पाचला. निवृत्त झाले त्या वर्षीचं जांभूळ, बारा वर्षांचं, त्यातली एकच बाटली उरली होती. ती उघडायची म्हणाले. "मला चव नाही, पण तुम्हाला आहे. तुम्ही सांगा, मी ऐकतो," असा निरोप.

परसात खुर्च्या मांडल्या होत्या. अण्णा शालीत गुंडाळून बसले होते. या वेळी यंदाचं नाही, मधलं नाही, एकदम जुनंच. त्यांनी स्वतःच्या हाताने चार ग्लासांत ओतलं. रंग सुंदर होता, जुन्या विटेसारखा. मी ग्लास तोंडाजवळ नेला आणि वास नाकात शिरताच समजले. जांभळाचा शिरका, म्हणजे व्हिनेगर, झाला होता. ती दोघं नाशिकला होती तेव्हा घर बंद, उंदरांनी बुचाचं मेण कुरतडलेलं, कुणाचं लक्षच नव्हतं. घोट घेतला तर डोळ्यांत पाणी आलं.

मुकुंदशेठांचे कान लाल झाले होते. ते घाईने गिळून म्हणाले, "वा, अण्णा, वा! काय उतरलंय!" अण्णांनी विचारलं, "गोड आहे?" "गोड म्हणजे काय, एकदम!" काशिनाथ ग्लासात बघत बसला होता. डोंगराकडे त्याने पाहिलंच नाही. "अण्णा, मला सर्दी झाली आहे रं. चव कळत नाही," तो म्हणाला. चाळीस वर्षांत त्याला सर्दी झालेली मी पाहिली नव्हती.

मग अण्णा माझ्याकडे वळले. "बाई?"

स्वयंपाकघराच्या दारात काकू उभ्या होत्या. वास त्यांच्यापर्यंत पोचलाच असणार. त्या माझ्याकडे बघून मान हलवत होत्या: नको, नको. आणि मला वाटलं, काय जातंय आपलं? बारा वर्षं सांभाळलेली शेवटची बाटली, मरणाच्या दारातला माणूस, दोन गोड शब्दांनी आपली जीभ झडणार आहे का? मी म्हटलं, "अण्णा, सोनं झालंय सोनं."

"बरं," अण्णा म्हणाले. एवढंच. त्यांनी स्वतःचा ग्लास ओठाला न लावताच खाली ठेवला. नंतर मुकुंदशेठांच्या नातवाची चौकशी केली, काशिनाथला शेवटची जीप चुकेल म्हणून उठवलं. दोघं गेले. मी ग्लास गोळा करायला लागले तशी त्यांनी मला शेजारच्या खुर्चीवर बसायला सांगितलं.

"बाई, सकाळी मी बूच काढलं तेव्हा वर साय धरलेली होती. जाड, बोटाने उचलता येईल अशी. नाक गेलं, जीभ गेली, डोळे आहेत अजून. जन्म प्रयोगशाळेत गेला, शिरका कसा दिसतो हे मला कळत नाही होय? मीच गाळून ठेवलं."

मी हातातला ग्लास खाली ठेवला. "मग आम्हाला का दिलंत?"

"नाशिकहून आल्यापासून, मी वाचणार की नाही ही एकच विचारणा कुणाला करायची ते कळत नव्हतं. डॉक्टर बोलत नाहीत, ही बोलत नाही. म्हटलं, या तिघांना विचारावं. हे खोटं बोलत नाहीत." त्यांनी शाल ओढून घेतली. श्वास लागत होता. "शिरका आहे म्हणाला असतात, शिव्या दिल्या असत्यात, तर मी निश्चिंत झोपलो असतो. म्हटलं असतं, अजून वेळ आहे आपल्याला. तुम्ही तिघांनी मिळून सांगून टाकलंत, बाई. जित्या माणसाला तुम्ही असं गोड बोलला नसता."

मी रडले. वर्गात पस्तीस वर्षं ज्या बाईला पोरं चळचळा कापत होती ती बाई त्यांच्या गुडघ्यावर डोकं ठेवून रडली. आईच्या वेळी त्यांनी माझ्यासाठी जे केलं, तेवढं एक मला त्यांच्यासाठी करता आलं नव्हतं. "किती?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, "अण्णा, फार नाही. दोन-तीन महिने म्हणाले होते, त्यातले दोन गेले." त्यांनी माझ्या डोक्यावर थोपटलं. "ठीक. आता आत जा आणि हिला सांगा की मला माहीत आहे. बिचारी एकटीच वाहतेय."

काकू परातीत पीठ मळत होत्या. मी म्हटलं, "काकू, त्यांना सगळं माहीत आहे." त्यांनी हात धुतले नाहीत. तशाच पिठाच्या हातांनी बाहेर गेल्या, खुर्ची ओढून त्यांच्यासमोर बसल्या.  मग काकूंचा आवाज आला, तोही भांडणाचाच: "मग रोज 'बरं वाटतंय' काय म्हणत होतात?" आणि अण्णा म्हणाले, "तू विचारत होतीस म्हणून." मी मागच्या दाराने घरी आले.

अण्णा त्यानंतर सतरा दिवसांनी गेले. त्या दिवसांत मी दोनदाच गेले असेन, दोन्ही वेळा दाराबाहेरूनच परतले, कारण आत दोघांचं बोलणं चाललेलं होतं. कधी हसणं, कधी रडणं. एकदा तर लग्नातल्या कुठल्याशा रुसव्यावरून हुज्जत चालली होती.

तेराव्याला माणसं पांगल्यावर काकू माझ्याजवळ येऊन बसल्या. मला वाटलं, आता त्या म्हणतील की बरं झालं सांगितलंस. त्या म्हणाल्या, "सतरा दिवस आम्ही पोटभर बोललो गं. त्याआधीचे दोन महिने नुसतं बरं वाटतंय ना, बरं वाटतंय. एका छपराखाली राहून." त्या माझ्याकडे बघत होत्या. रागाने नाही, थकून. "मी घातली शपथ. मी तेव्हा वेडी झाले होते. पण शैला, तू तरी मोडायचीस."