पेलाभर रस

गिरधरभाऊंच्या पोटात कळ यायची, म्हणून चोपड्याच्या डॉक्टरांनी सोनोग्राफी केली. खडा दिसला नाही, डाव्या किडनीला सूज तेवढी होती.

"खडा खाली नळीत अडकला असेल. तो सोनोग्राफीत दिसतोच असं नाही. जळगावला जाऊन सीटी स्कॅन करा," डॉक्टर म्हणाले.

सुनंदाबाईंना ते काही पटलं नाही. दारात केळीची बाग असताना नवऱ्याला जळगावच्या मशीनमध्ये कशाला घालायचं? मुतखड्यावर अख्खं गाव केळीच्या खांबाचा रस घेतं. त्या रोज सकाळी खांब कुटून, फडक्यातून गाळून पेलाभर रस भाऊंना पाजू लागल्या. पंधराव्या दिवशी कळ थांबली. सुनंदाबाईंनी गल्लीभर पेढे वाटले.

वर्षभराने भाऊंना थंडी वाजून ताप आला, तेव्हा कुठे सीटी स्कॅन झालं. खडा होता तिथेच होता. डॉक्टरांनी सुनंदाबाईंना बाहेर बोलावून सांगितलं, "डावी किडनी गेली. ती निकामी होत गेली, म्हणून दुखणं थांबलं होतं."

परतताना सुनंदाबाईंचे डोळे सारखे भरून येत होते. भाऊंनी त्यांचा हात हातात घेतला.

"रडू नको. तुना हातले गुण शे. घर गया का तो रस दे माले."